कुडाळ ते पुणे, १८६ जीबी

बुधवारी दुपारी बारा वाजता भाच्याचा फोन आला. "मावशी, अजून ४ टक्केच झालंय."

सोमवारी संध्याकाळी सातला मी इंटरनेटवरून त्याला पाठवायला फाइली लावल्या होत्या. त्यानंतर लॅपटॉप एकदाही बंद केला नव्हता, झाकणसुद्धा मिटलं नव्हतं. एक्केचाळीस तासांत ४ टक्के. कॅलेंडरच्या पानामागे पेन्सिलीने हिशेब मांडला. एकूण १८६ जीबी, स्क्रीनवर दिसणारा अपलोडचा वेग सेकंदाला ५० किलोबाइट. उत्तर आलं ४३ दिवस. तोवर वैशाख उजाडला असता.

त्या १८६ जीबीत काय होतं ते आधी सांगते. आमच्या भागातल्या एका दशावतार मंडळींचे तीन रात्रींचे प्रयोग, एकूण पंधरा तासांचं फुल एचडी चित्रीकरण. दशावतारात लिहिलेली संहिता नसते. आख्यान ठरलेलं असतं, पण संवाद नट रंगमंचावर उभ्या उभ्या रचतात. आज रावण जे बोलला ते उद्या तसंच बोलेल याची खात्री खुद्द त्यालाही नसते. म्हणून त्या तीन रात्री माझ्या दृष्टीने पुन्हा न मिळणाऱ्या होत्या. मंडळींच्या मालकांची परवानगी घेऊन मी देवळाच्या आवारात कॅमेरा लावून बसले होते. भाचा पुण्यात संकलनाचं काम करतो, तो हे जोडणार होता. आणि डोंबिवलीचा माझा चुलतभाऊ, ज्याला आम्ही सगळे दादा म्हणतो, तो एक प्रत स्वतःकडे जपून ठेवणार होता.

घरात पहिला प्रश्न ह्यांनी विचारला, "हार्ड डिस्क एसटीने पाठव की, एका रात्रीत पुण्याला." प्रश्न रास्त होता. पण दोन वर्षांपूर्वी अशीच पाठवलेली एक डिस्क पुण्यात पोचली तेव्हा नुसती टकटक करत होती, त्यातलं काहीच वाचता आलं नाही. तेव्हापासून मूळ डिस्क घराबाहेर न काढण्याचं मी ठरवलंय. गूगलवर फुकट जागा १५ जीबी. राहिला टॉरंटचा मार्ग. यात फाइल तुकड्यातुकड्यांनी एका संगणकावरून थेट दुसऱ्यावर जाते, आणि ज्याला जे तुकडे मिळतात ते तो पुढे इतरांनाही देतो. मला तो पटला तो त्याच्या चिकाटीमुळे. माझ्या फाइलींचे ४ एमबीचे सुमारे ४४ हजार तुकडे झाले, प्रत्येक तुकड्याचा वेगळा ठसा नोंदला गेला. मध्येच लाइट गेली तर परत आल्यावर जिथे राहिलं तिथून पुढे सुरू. तुकडा वाटेत बिघडला तर ठसा जुळत नाही आणि तेवढाच पुन्हा मागवला जातो. आमच्याकडे लाइट कशी जाते हे ज्याला माहीत आहे त्याला याची किंमत कळेल. टॉरंट म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर चोरीचे सिनेमे येतात, याचं मला वाईट वाटतं. डेबियन आणि उबुंटूसारख्या लिनक्स प्रणाली आपल्या फाइली याच पद्धतीने राजरोस वाटतात.

तर ४३ दिवस. सगळ्यात आधी मी जे केलं ते सगळं चुकलं. क्यूबिटटॉरंट या माझ्या टॉरंटच्या प्रोग्रामच्या सेटिंगमध्ये जाऊन जोडण्यांची संख्या वाढवली, अपलोडचे स्लॉट वाढवले. ब्रॅम कोहेन या प्रोग्रामरने २००१ साली टॉरंटची पद्धत काढली तेव्हा त्यात पंगतीतल्या वाढप्यासारखी व्यवस्था ठेवली: वाढप्याने एका वेळी मोजक्याच पानांवर वाढायचं, दर दहा सेकंदांनी कोणाला वाढायचं ते पुन्हा ठरवायचं, आणि दर तीस सेकंदांनी एखाद्या नव्या पानालाही संधी द्यायची. मला वाटलं, वाढपी वाढवले की वाढप वाढेल. पण माझ्या पंगतीला दोनच पानं होती. वाढपी वाढवून काय होणार?

मग इंटरनेटवाल्याला फोन केला. त्यांचा मुलगा तासाभरात आला, चांगला मुलगा आहे. त्याने हॉलमधल्या राउटरला वायर लावून स्पीड टेस्ट केली. डाउनलोड ९६, अपलोड ४०. "ताई, लाइन एकदम क्लिअर आहे. तुमच्या लॅपटॉपातच काहीतरी असेल." तो गेला आणि मी पुन्हा स्क्रीनसमोर बसले.

इथे बिट आणि बाइटचा घोळ मी आधीच निस्तरला होता. स्पीड टेस्टमधले ४० हे मेगाबिट, टॉरंटमधले आकडे बाइटमध्ये. आठाने भागायचं. ४० मेगाबिट म्हणजे सेकंदाला ५ मेगाबाइट, म्हणजे माझ्या ५० किलोबाइटच्या शंभरपट. नव्व्याण्णव हिस्से कुठेतरी अडत होते.

त्या संध्याकाळी मी सेटिंगला हात लावायचं सोडून नुसतं बघत बसले. अर्धा तास. आणि आकडा बघता बघता काहीतरी टोचलं. ४९, ५०, ५१, ५०, ५०. इंटरनेटचा वेग असा वागत नाही. तो एसटीसारखा असतो, घाटात हळू, सपाटीला जोरात. इतका शिस्तीत चालणारा आकडा म्हणजे कोणीतरी बसवलेली मर्यादा. माझ्याकडे मर्यादा नव्हती, तीनदा तपासलं होतं. मग ती पलीकडे असणार.

खाली पिअर्सचा, म्हणजे जोडलेल्या संगणकांचा, टॅब उघडला. तिथे एकच ओळ. डोंबिवली. भाच्याची ओळ नव्हती, पण तेव्हा वाटलं की तो बाहेर गेला असेल, लॅपटॉप बंद असेल. ती चूक मला पुढे दोन दिवसांना पडली.

दादाला फोन लावला. तो टॉरंटसाठी ट्रान्समिशन नावाचा प्रोग्राम वापरतो. "दादा, खिडकीच्या खालच्या पट्टीत एक कासव दिसतंय का?"

"दिसतंय. निळं झालंय."

ते कासव चालू असलं की ट्रान्समिशन मुद्दाम हळू चालतं, आणि त्याची ठरलेली मर्यादा जाताना ५० किलोबाइट, येताना ५० किलोबाइट अशी असते. दादाने कधी काळी मुलाच्या ऑनलाइन परीक्षेच्या वेळी ते दाबलं होतं आणि विसरला होता. त्याने कासवावर क्लिक केलं. मी इकडे बघत होते: ५०, ५०, ३१०, ७४०, १,१००. मी खुर्चीतून उठून स्वयंपाकघरात जाऊन ह्यांना सांगून आले.

तिथेच थांबले असते तर गोष्ट संपली असती असं तेव्हा वाटलं. गुरुवार छान गेला. भाचा म्हणाला, "मावशी, वाढतंय, पण हळूच." मी म्हटलं, वाढतंय ना, मग झालं.

शुक्रवारी संध्याकाळी सहाच्या सुमारास दादाचा मेसेज आला: पूर्ण झालं. आणि त्याच क्षणी माझा अपलोड शून्य झाला. हळू नाही, शून्य. पिअर्सची यादी कोरी. पुण्यात मात्र १४ टक्के, आणि आकडा सरकत होता.

हे कसं? मी देणारी, माझ्याकडे सगळं आहे, भाचा मागतोय, तरी माझ्याकडून एक बाइटही जात नाही. मग त्याला मिळतंय कुठून? अर्थात दादाकडून. दादाचं पूर्ण झाल्यावर आम्ही दोघंही भरलेले, एकमेकांना द्यायला काही नाही, म्हणून प्रोग्रामने आमची जोडणी सोडून दिली. याचा अर्थ असा की भाचा आणि मी सोमवारपासून एकमेकांना भेटलोच नव्हतो. सगळं डोंबिवलीमार्गे जात होतं. दादाची लाइन जुनी, तांब्याच्या तारेवरची. तिचा अपलोड सेकंदाला जेमतेम १०० किलोबाइट. कासव काढून आम्ही ४३ दिवसांचे एकवीस केले होते, एवढंच.

भाच्याला विचारलं, तुझ्या यादीत मी दिसते का? नाही. तुझा लॅपटॉप बुधवारी संध्याकाळी चालू होता? "हो मावशी, आठवडाभर चालूच आहे."

क्यूबिटटॉरंटच्या खालच्या पट्टीत जोडणीची स्थिती दाखवणारं एक छोटं चित्र असतं. माझ्याकडे ते पहिल्या दिवसापासून सांगत होतं की बाहेरून कोणी आत येऊ शकत नाही. मी त्याकडे लक्ष दिलं नव्हतं, कारण नोंदींच्या टॅबमध्ये स्पष्ट लिहिलं होतं की राउटरने पोर्ट, म्हणजे बाहेरच्यांना आत येण्याचं दार, उघडलं, काम यशस्वी. दोन्ही खरं होतं. राउटरने आपलं दार उघडलं होतं, पण त्या दाराबाहेर आणखी एक कुंपण होतं.

ते कुंपण सापडलं ते असं. राउटरच्या पानावर वॅनचा, म्हणजे बाहेरच्या बाजूचा, पत्ता बघितला: १००.७२ ने सुरू होणारा. मग माझा आयपी पत्ता सांगणारी एक वेबसाइट उघडली. तिने भलताच पत्ता दाखवला. दोन पत्ते जुळत नाहीत, म्हणजे मध्ये कोणीतरी आहे. आणि १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतचे पत्ते याच कामासाठी राखून ठेवलेले आहेत. जुन्या पद्धतीचे, आयपीव्ही४चे, एकूण पत्ते सुमारे ४३० कोटी. त्यांचा जागतिक साठा २०११ च्या फेब्रुवारीत वाटून संपला, आणि २०१२ साली हा पट्टा कंपन्यांच्या आतल्या वापरासाठी वेगळा काढला गेला. आता एक खरा पत्ता शेकडो घरांत वाटला जातो. याला सीजीनॅट म्हणतात.

भाच्याला फोनवर समजावताना मला एसटीडी बूथ आठवला, पण त्याने बूथ पाहिलेलाच नाही. माझ्या पिढीला मात्र लगेच कळेल. बूथवरून तुम्ही कुठेही फोन लावू शकता. पण तिथे तुम्हाला कोणी फोन करू शकत नाही, कारण तो नंबर तुमचा नाही. मी कुडाळच्या बूथमध्ये, भाचा पुण्यातल्या बूथमध्ये, कारण त्याच्या रूमवरचं वायफायही तसंच निघालं. दोन बूथमधली माणसं एकमेकांना फोन कसा लावणार? दादाच्या घरी मात्र स्वतःचा नंबर होता. म्हणून आम्ही दोघंही त्याला फोन करत होतो आणि तो बिचारा इकडचं तिकडे सांगत होता.

स्पीड टेस्टला हे कळतच नाही. ती नेहमी आतून बाहेर फोन लावते. तिच्या दृष्टीने लाइन खरोखरच एकदम क्लिअर.

त्या रात्री मला झोप लागली नाही. राग कोणावर नव्हता, पण चार दिवस चित्र समोर असून मी पाहिलं नाही याची चुटपुट लागून राहिली. जिथे दोन ओळी हव्या होत्या तिथे एक होती. तिथेच थांबायला हवं होतं.

नव्या पद्धतीचे, आयपीव्ही६चे पत्ते असते तर हा पेच पडला नसता, पण आमच्या इंटरनेटवाल्याकडे ते अजून आलेले नाहीत. शनिवारी सकाळी त्यांच्या ऑफिसात गेले आणि म्हटलं, मला पब्लिक आयपी, म्हणजे स्वतःचा खरा पत्ता, हवा. काउंटरवरच्या बाईंनी आधी विचारलं, सीसीटीव्ही बसवलाय का? घरचे कॅमेरे बाहेरून बघण्यासाठी लोक तो घेतात म्हणे. महिन्याला थोडे जास्त पैसे भरावे लागतात, ते भरले. दुपारी तोच मुलगा आला.

आमच्याकडे फायबरचा पांढरा डबा वेगळा आणि माझा राउटर वेगळा. पांढरा डबाही स्वतः राउटरचं काम करतो, म्हणजे बाहेरचं कुंपण गेलं तरी घरात एकामागे एक दोन दारं राहिली असती. मी त्याला म्हटलं, डबा ब्रिजवर टाक, म्हणजे तो राउटरचं काम करणार नाही, आणि लॉगिन माझ्या राउटरमध्ये घाल. त्याने माझ्याकडे जरा निरखून बघितलं आणि काही न बोलता तसं केलं. राउटर पुन्हा सुरू झाल्यावर वॅनचा पत्ता आणि वेबसाइटने दाखवलेला पत्ता एकच आले. मी दोन्ही आकडे मोठ्याने वाचले.

मग लॅपटॉपला घरातला कायमचा पत्ता दिला, १९२.१६८.१.२०, म्हणजे राउटरला कायम ठाऊक राहील की आलेला पाहुणा कोणाकडे पाठवायचा. पोर्टचा एक आकडा ठरवला, तोच प्रोग्राममध्ये आणि तोच राउटरमध्ये. तरी चित्र बदलेना. इथे पाऊण तास गेला. शेवटी सापडलं विंडोजच्या फायरवॉलमध्ये. प्रोग्राम पहिल्यांदा उघडला तेव्हा परवानगी विचारणारी चौकट आली होती. त्यात मी खासगी नेटवर्कला खूण केली होती, आणि विंडोजने आमच्या घरच्या वायफायची नोंद सार्वजनिक नेटवर्क म्हणून केली होती. खूण बदलली. चित्र हिरवं झालं.

दोन मिनिटांत पिअर्सच्या यादीत पुणे आलं. प्रत्येक ओळीसमोर काही इंग्रजी अक्षरं असतात, त्यांत 'आय' हे अक्षर म्हणजे ही जोडणी समोरच्याने येऊन केली. पाच दिवसांत ते अक्षर मला पहिल्यांदा दिसलं. भाच्याचं दार अजून बंदच होतं, पण दोघांपैकी एकाचं उघडं असलं की पुरतं.

वेग आला १.१ मेगाबाइट. बुधवारी दादाच्या वेळी जिथे अडकला होता तिथेच. आता हा आकडा मी सोडणार नव्हते. आमचं घर चिऱ्याचं आहे, भिंती सव्वा फुटी. राउटर हॉलमध्ये, मी माजघरापलीकडच्या खोलीत, मध्ये दोन भिंती. जांभ्यातून वायफाय कसंबसं येतं. या खोलीत स्पीड टेस्ट केली तर अपलोड ९ मेगाबिट, म्हणजे बरोबर १.१ मेगाबाइट. लाइनमनने हॉलमध्ये वायर लावून मोजलं होतं, मी आतल्या खोलीत वायफायवर काम करत होते. तो चुकला नव्हता, आम्ही दोघं वेगवेगळ्या ठिकाणी उभे होतो. लॅपटॉप उचलून हॉलमध्ये आणला, लॅनची वायर खोचली, आणि आकडा ४.८ वर गेला.

लगेच आतून मुलगी ओरडली, "आई, माझा कॉल कट होतोय!" अपलोडचा रस्ता काठोकाठ भरला की राउटरमध्ये रांग लागते, आणि तिचे इवलेसे पोच-संदेशही त्या रांगेच्या शेवटी उभे राहतात. पिंग, म्हणजे संदेश जाऊन परत यायला लागणारा वेळ, १२ मिलिसेकंदांवरून ६०० च्या पुढे गेला होता. अपलोडला ४.२ मेगाबाइटची मर्यादा घातली, लाइनच्या साधारण ८५ टक्के. पिंग २० वर आला, तिचा कॉल सुरळीत, आणि माझं जवळपास काहीच गेलं नाही. मर्यादा घातल्याने काम नीट होतं हे कासवाच्या प्रकरणानंतर मान्य करायला मला जरा वेळ लागला.

रात्री साडेनऊला १९ टक्के होते. उरलेले दीडशे जीबी, ४.२ ने भागले तर दहा तास. दशावताराचा खेळ चालतो तेवढी रात्र. राउटर आणि फायबरचा डबा इन्व्हर्टरवर आहेत का ते बघितलं आणि झोपले. साडेतीनला जाग आली, उठून बघितलं: ६९ टक्के, वेग तोच. परत झोपले.

सकाळी साडेसातला भाच्याचा फोन. त्याने काही न बोलता फोन स्पीकरजवळ धरला. मृदंग, झांज, आणि हार्मोनियमवाल्याने काळी पाच धरलेली. पहिल्या रात्रीचा संकासूर येत होता. मागे देवळाच्या आवारात कोणाचं तरी पोर रडत होतं, तेही स्वच्छ ऐकू आलं. तो म्हणाला, "मावशी, तिन्ही रात्री उघडून बघितल्या. शेवटच्या फाइलपर्यंत चालतंय."

दहाच्या सुमारास मंडळींचे मालक दारावरून बाजाराला चालले होते. अंगणातूनच हाक मारली, "पुण्याक पोचला काय गे?" पोचलं म्हटलं, बसा, चहा टाकते.

चहा ठेवून हॉलमध्ये आले आणि सवयीने स्क्रीन बघितली. अपलोड शून्य, पिअर्सची यादी कोरी. कुडाळ, डोंबिवली, पुणे, तिन्हीकडे १०० टक्के. हे शून्य मी तसंच राहू दिलं आणि लॅपटॉपचं झाकण सोमवारनंतर पहिल्यांदा मिटलं.